जांभळा ठिपका

इलोइलोच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत
माझं वेपचं दुकान, दीड माणूस उभा राहील एवढं.
तारा, कापूस, आंब्याच्या वासाच्या बाटल्या
आणि काचेखाली बापाचा तराजू.
बाप गहाणवटीच्या पेढीत सोनं जोखायचा.
तो गेला, पेढी बुडाली.
तराजू माझ्या वाट्याला आला,
आणि संशय.

जेर्विक भर दुपारी आला.
बाहेर त्याची तीनचाकी फटफटत तशीच उभी.
"मानांग पेर्ला, हिचं बघ ना काहीतरी.
तापते. खिशात ठेवली की मांडीला कळतं."

मी चष्मा चढवला.
खोटं कशाला बोलू, मला हे काम आवडतं.
गिऱ्हाइकं थांबून बघतात,
माझाही आवाज मग जरा चढतो.

आधी आकडा वाचायचा, म्हटलं.
एवढ्याशा डबीत साडेतीन हजाराच्या वर फारसं मावत नाही.
नऊ हजार नऊशे लिहिलेलं असेल
तर तो लग्नापुरता उसना आणलेला हार समजायचा.
मग वजन. अस्सल माल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो.
एकदा एक आली होती, तीस ग्रॅमसुद्धा नाही.
चिरली तर पोटात मैदा!
पांढरा, मऊ,
आणि त्यात करंगळीएवढा सेल
पाळण्यात निजवल्यासारखा.

जेर्विकची चव्वेचाळीस भरली.
आकडाही बेताचा, नम्र.
अक्षरं मात्र कडेला किंचित फुटलेली,
घाईत लावलेल्या काजळासारखी.
डोक्याखालची पांढरी चकती जागेवर नाही, सरकलेली.
मी नखाने आवरण उचललं, ब्लेडने सोललं.

बुडाशी चार टिंबं.
पत्रा डागल्याच्या खुणा,
कुणीतरी कानशीने घासून घासून पुसट केलेल्या.
म्हणजे हिचा एक संसार आधीच होऊन गेलेला.
कुठल्यातरी लॅपटॉपच्या पोटात वर्षानुवर्षं राबून
भंगारात गेलेली,
आणि नवा जांभा रंग नेसून पुन्हा बोहल्यावर.

"कुठल्या चोराकडून घेतलीस रे?"
मी मोठ्याने विचारलं. सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच.
तो काही बोलला नाही.
टोपी काढून हातात फिरवत राहिला.
मग सोललेल्या सालीकडे बोट केलं.

तिच्यावर एक ठिपका होता.
जांभळा.

बॅटऱ्या मी जोडीनेच विकते.
एकाच वयाच्या दोघी, एकत्र भरायच्या, एकत्र रित्या करायच्या,
जोडी मोडायची नाही.
म्हणून प्रत्येक जोडीला नखांच्या रंगाचा ठिपका लावते.
त्या महिन्यात जांभळा होता. अजूनही आहे,
ब्लेड धरलेल्या माझ्या बोटांवर.

"दोन्ही इथल्याच," तो हळूच म्हणाला. "फेब्रुवारीतल्या."
त्याने आरोप केला असता
तर मला भांडता आलं असतं.

पोन्सो नऊ वर्षं माल आणतोय.
माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो आला होता.
आल्यावर त्याला कॉफी, मला खोकं,
त्याचं खोकं मी कधी तराजूत घातलं नाही.
इतक्या वर्षांची ओळख जोखायची
म्हणजे आपणच हलकं ठरल्यासारखं.

जेर्विकला पैसे परत केले. दुसरी जोडी देऊ लागले,
तर म्हणाला, राहू दे, सोडायचंच होतं.
खरं असेल. मला वाचवायला म्हणाला असेल.
माणसाची साल सोलता येत नाही.

रात्री शटर ओढून खोकं रिकामं केलं.
बत्तीसपैकी एकोणीस निघाल्या.
टोकांना चिकटपट्टी लावून
वाळू भरलेल्या दुधाच्या डब्यात एकेक पुरली.
दहाव्या-अकराव्यापासून मोजणं नको झालं,
तरी मोजत होते.

साडेनऊला पोन्सोचा फोन.
"उद्या येऊ का माल घेऊन?"
आवाज नेहमीचाच, मागे त्याच्या नातवाचं रडणं.

ये म्हटलं.
कॉफी ठेवते.

मग तराजू काचेखालून काढला,
पुसला,
आणि कप ठेवते त्या जागी मांडला.