सोळा इंची

टायरवाला झ्बिन्येक म्हणाला, "लोक मोठी चाकं मागतात.
लहान मागणारा तू पहिलाच."
एकोणीस इंची त्यानं उतरवली,
काळी, चकचकीत, पाच आऱ्यांची.
दोन हिवाळ्यांचे हप्ते होते त्यांत माझे.

सोळाची चढवली. टायरची भिंत
चांगली दोन बोटं उंच झाली.
धातू कमी, हवा जास्त.

शेजारचा लुबोर खिडकीतून खिदळला,
"गाडीला सपाता घातल्यास काय?"
मी काही बोललो नाही.

हेदविकाबाई आठवड्यातून तीनदा माझ्या टॅक्सीत बसतात,
डायलिसिसला.
ओलोमोउत्सचे रस्ते दगडी, वर ट्रामचे आडवे रूळ,
आणि माझी जुनी चाकं एकेक दगड
त्यांच्या हाडांना मोजून दाखवायची.
तक्रार कधी केली नाही. नुसती दारावरची मूठ
चांगल्या हातानं धरायच्या,
बोटं पांढरी होईपर्यंत.
एकदाच विचारलं, "दुसरा रस्ता नाही का रे?"
नव्हता.

आज रुळांवरून गेलो.
धप् झालं, पण जणू
दोन घरं पलीकडे कुणी उशी टाकली.
आरशात पाहिलं: मूठ रिकामी,
दोन्ही हात मांडीवर उताणे,
तोंड जरासं उघडं. घोरत होत्या, बारीक.

दवाखान्याचं फाटक आलं.
दहा मिनिटं हाताशी होती.
मीटर बंद केला
आणि चौकाला
आणखी एक फेरी घातली.