नो क्लेम

पॉलिसी सतरा तारखेला संपत होती,
पप्पा सव्वीसलाच गेले, आदल्या महिन्यात.
भरलेल्या हप्त्याचे तीन आठवडे वाया गेले,
हे त्यांना मुळीच आवडलं नसतं.

लोटलीकर एजंट फोनवर दोन वाक्यं हळहळले,
मग घसा खाकरून म्हणाले,
बेटा, गाडी नावावर करून घे,
नव्वद दिवस उलटू देऊ नकोस, बोनस जाईल.
कसला बोनस?
अगं, नो क्लेम. धुरीसाहेबांचे पन्नास टक्के आहेत.
वारसाला मिळतात.

वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास.
हा पप्पांचा पाढा.
दरवर्षी एक पायरी, काहीही न मागता.

टपावर नारळ पडला त्या वर्षी
वाटीएवढा पोचा आला.
कुणाच्यातरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला:
क्लेम केला तर मिळतील अठराशे,
जातील चार हजार दोनशे.
पोचा राहिला. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं,
एक कावळा रोज पिऊन जायचा.
(दहाव्याला कावळा लगेच शिवला.
आई म्हणाली, ओळखीचा असणार.)

छेडानगरच्या सिग्नलला टँकर घासून गेला
तेव्हा आईचं मरून नेलपॉलिश,
तीन हात, मध्ये दहा-दहा मिनिटं वाळवून,
चष्मा कपाळावर, जीभ ओठांच्या कोपऱ्यात.
आणि पार्किंगमधल्या अकरा नंबरच्या खांबाला
जुन्या गादीचा फोम, सुतळीने आवळलेला.
चेंबूरभर आमचा खांब प्रसिद्ध होता.

गुडघ्याचंही ऑपरेशन करायचं होतं.
तिथेही असाच काही हिशेब मांडला असणार.
ती पत्रिका आम्हाला सापडली नाही.

रात्री निनाद मोबाईलवर अकरा कंपन्यांचे दर दाखवतो.
रोडसाइड असिस्टन्स काढ, दोनशे वाचतात.
पहिले अडीच हजार आपण सोसू म्हटलं की आणखी थोडे.
इंजिनाचं कव्हर? ते ठेव,
मिलन सबवेत एकदा अडकलीस की कळेल.
बोनस फक्त स्वतःच्या नुकसानीवर लागतो.
थर्ड पार्टीला सूट नाही.
म्हणजे दुसऱ्याला आपल्यामुळे जे लागेल
त्याचे पूर्ण भरायचे,
कितीही जपून चालवा.

मृत्यूचा दाखला, आरसी, जुनी पॉलिसी,
आईची सही, भावाची ना-हरकत.
तो बंगळुरूहून म्हणाला, ताई, तूच घे,
मला इथे पार्किंग नाही.
वडाळ्याच्या आरटीओत दोन खेपा.
आधीच्या मालकाचं नाव: मुकुंद रघुनाथ धुरी.
मी पुढे कै. लिहिलं,
संगणकाने ते खोडून टाकलं.

गाडीची किंमत कंपनीने लावली एक लाख चार हजार.
गेल्या वर्षी सव्वा लाख होती.
पप्पांना हे पटायचं नाही, गाडी तीच, किंमत कमी कशी?
लोटलीकर म्हणायचे, साहेब, वय.

हप्ता आला पाच हजार सहाशे पंधरा.
वाचले तेवीसशे पंचवीस.
मी ती पावती कितीतरी वेळ धरून बसले.
आयुष्यभर कुणावर न आदळण्याचे
एवढे पैसे होतात तर.

आणि रविवारी, पहिल्यांदाच एकटीने रिव्हर्स घेताना
अकरा नंबरचा खांब.
फोम पुढून होता,
मी मागून आले.

उतरले. वाकून पाहिलं. बोटभर ओरखडा, आत पत्रा पांढरा.
लोटलीकरांचा नंबर काढला, परत ठेवला.
वर खिडकीत आई.
तिने काही विचारलं नाही, कपाट उघडल्याचा आवाज आला.
बाटली घेऊन खाली आली,
झाकण दोघींनाही उघडेना.
आत वाळून खडा झालाय, मी म्हटलं.
थिनरचे दोन थेंब घाल, ती म्हणाली,
ते तसंच करायचे.