लादीचं गणित

मे महिना. पारा शेहेचाळीस.
मानेवाड्यातल्या खोलीत कूलर खसच्या वासाचा ओला वारा फेकतो
आणि नववीची सात पोरं वह्यांवर कोपर टेकून बसलीत,
पानं उडू नयेत म्हणून.

गणित मीच घातलं, पुस्तकातलं नव्हे:
कळमन्याच्या कारखान्यातून निघते पन्नास किलोची बर्फाची लादी.
गोकुळपेठेतली रसवंती नऊ किलोमीटर.
तीनचाकीची चाल ताशी बारा.
दर पाच मिनिटांना अर्धा किलो वितळतो.
पोचेल किती?

सहा हात वर. साडेपंचेचाळीस.
बरोबर, म्हणाले मी, आणि खडू झटकला.

भैरवी निखारे अजून लिहीतच होती.
आडनाव निखारे आणि धंदा बर्फाचा,
यावर वर्गाचं हसून झालंय जूनमध्येच.
"मॅडम, पुलावर बाबा उतरते न.
ढकलत नेते. तिथं बारा कुठून आणता?"

मग तिनं रस्त्याचे तुकडे केले.
चार किलोमीटर बाराच्या चालीनं, वीस मिनिटं.
एक किलोमीटर चढ, तीनच्या चालीनं,
तीही वीसच.
पुढचे चार, पुन्हा वीस.
तास झाला. सरासरी नऊ.
बारा अन् तीन मिळवून निम्मे करायचे नसतात,
ते मागच्या दोघांनी केलंच.
सहा किलो गेले, चव्वेचाळीस उरले.
"आन् पैसे चव्वेचाळीसचेच भेटते."

मी फळ्यावरचा माझा आकडा पुसला.
काहीतरी बोलायचं म्हणून अप्रकट उष्म्याकडे वळले:
बर्फाच्या चुऱ्यात तापमापी खोचा,
बाहेर आग ओकत असो,
शेवटचा खडा असेतो पारा शून्यावरून हलत नाही.
उष्णता येत राहते, येतच राहते, दाखवत काही नाही.
"मग जाते कुठं?"
कणांची एकमेकांवरची पकड सोडवण्यात, मी म्हटलं.
परीक्षेला एवढं पुरतं.

क्लास सुटला तेव्हा खाली निखारेंची तीनचाकी उभी.
रिकामी. ओलं पोतं, चिकटलेला भुसा, कडेनं ठिबकणारं पाणी.
भैरवी मला रस्ता दाखवत होती:
थेंब सारख्या वेळानं पडतात, सारख्या अंतरावर नाही.
उतारावर लांब लांब,
चढावर एकमेकांना खेटून,
सिग्नलपाशी तर एक डबकंच.
"यावरून समजते मले, बाबा कुठं दमले.
लवकर पाहा लागते पण."

खरंच. आमच्या देखत डांबरावरून
दूरचा थेंब गेला, मग त्याच्या अलीकडचा.
वाफ काही दिसली नाही.

निखारे गमछ्यानं मान पुसत म्हणाले,
कूलरमध्ये टाकाले उद्या एक तुकडा आणू का, मॅडम?
किती किलोचा, मी विचारलं.
ते हसले.
"इथवर येईस्तोर उरन तेवढ्याचा."