तासाचे आठशे

पहिला वकील भावाच्या ओळखीचा.
शिवाजीनगर कोर्टाच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावर.
जिना चढताना वरून एक पोरगा उतरत होता, सोबत हवालदार,
आणि वकील त्याच्या पाठीवर थाप मारत होता
जावयाला निरोप देतात तशी.
माझं अर्धंच ऐकून म्हणाला,
"चारशेवीस आहे ही. आत टाकू बाईला.
पंचवीस हजार आधी, बाकीचं होईल तसं."

होईल तसं म्हणजे किती,
हे विचारायला मला जिना उतरल्यावर सुचलं.
आणि प्रमिला आत गेली तर
माझे एक लाख ऐंशी हजार बाहेर कसे येणार?

धायरीत गिरणी होती आमची, दोघींची.
एका जात्यावर धान्य, एकावर मिरची.
नवं गिऱ्हाईक म्हणायचं, दळणच ना, टाका की कुठेही.
टाकते म्हणायचे मी,
मग महिनाभर पोळी खा आणि शिंका.
एवढं ठाऊक असलेली बाई मी,
आणि गहू घेऊन मिरचीच्या जात्यापाशी उभी होते.

दुसरा वकील भांडारकर रोडला. काचेचं दार, आत गारवा.
"आमच्याकडे कंपन्यांची कामं असतात," अगदी मऊ आवाजात.
हे सांगायचे पाच हजार.
पाणी मात्र थंड होतं. दोन ग्लास प्यायले.

कोर्टाच्या भिंतीलगत टायपिंगवाले बसतात,
त्यातले एक, घोटवडेकर, कानात कापूस,
माझा चेहरा बघून आपणहून बोलले:
"असली कामं किती केलीत, हे आधी विचारायचं.
फी कशाकशाची, ते कागदावर घ्यायचं.
आणि कोर्टात न जाता सुटेल का, हे विचारायचं.
चिडला, तर उठायचं."
पैसे विचारले तर म्हणाले, टाइप काय केलंय मी?

तिसरी तहसीन बागवान.
नाना पेठेत, सायकलच्या दुकानावरची माडी.
माझ्या पोरीएवढी असेल. पंखा आवाज करणारा.
मी सुरू केलं, शाळेपासून,
एका डब्यात जेवायचो तिथपासून,
आणि माझा गळा भरून आला.
तिने रुमाल दिला, मग घड्याळ दाखवलं.
"काकू, मी तासाचे आठशे घेते.
रडायला माझी हरकत नाही, पण तुम्हाला परवडणार नाही.
घरी जा. तारीखवार लिहून आणा.
विशेषणं नकोत."

भाच्याची चौकटीची वही घेतली.
पहिल्या रात्री सात पानं झाली.
मग खोडत गेले.
विश्वासघातकी खोडलं. गोडबोली खोडलं.
'तिच्या नवऱ्याचं आधीपासूनच' ही अख्खी ओळ.
पासबुक, पावत्या, फोनवरचे निरोप पुढ्यात घेऊन बसले.
उरल्या अकरा ओळी,
आणि त्यांत एक, जी सात पानांत कुठेच नव्हती:
चौदा ऑगस्ट, माझं पित्ताशयाचं ऑपरेशन,
रुग्णालयात बावीस हजार भरले. प्रमिलाने.

पेन हातात धरून बराच वेळ बसले.
ती ओळ खोडली असती तर कुणाला कळलं असतं?

तहसीनने वाचलं, त्या ओळीशी थांबली.
"लिहिलंत ते बरं केलंत.
नाहीतर तिच्या वकिलाने वाचून दाखवलं असतं."
कॅल्क्युलेटरवर बोटं. एक लाख अठ्ठावन्न.
"आधी नोटीस. मग मध्यस्थीला बसू. दावा शेवटी."
नोटिशीचे तीन हजार, टपाल वेगळं.
पावती मागायला मी तोंड उघडलं,
तर तिने आधीच फाडली होती.

आज बारावा दिवस.
स्वारगेटला धायरीच्या बसची वाट बघतेय,
पिशवीत दोन किलो हरभरा डाळ,
आणि फोन वाजतोय. प्रमिला.
तहसीन म्हणाली होती,
तिच्याशी काही बोलायच्या आधी मला विचारा.

विचारायचे आठशे.
फोन वाजतोय.
बस आली, धायरीचीच,
आणि मी अजून खालीच उभी.