एक खूर आत

नळांतलं पाणी काढून टाकलं,
मोंटानाचा हिवाळा पाइपांना सोडत नाही.

ट्रेलरची फळी मी टाचेनं दाबून पाहते,
एका जागी मऊ लागते.
चालेल, म्हणतो ऑर्व्हल.
मी म्हणते, टिलीचं वजन अकराशे पौंड.
बदलतो मग, गुडघा धरून, शिव्या देत.

परक्या गावचं पाणी ती तोंडाला लावत नाही,
म्हणून आमच्या विहिरीची चार पिंपं
ॲरिझोनापर्यंत सोबत.

पशुवैद्याचा कागद: घोडी, वय सव्वीस,
प्रवासास योग्य. मुदत तीस दिवस.
आम्हाला कुणी कागद मागत नाही.

पहाटे ती ट्रेलरच्या तोंडाशी अडते,
एक खूर आत, तीन बर्फात.
ओढत नाही आम्ही.
मीही अजून दारातच,
किल्ली कुलपात, न फिरवलेली.

ऑर्व्हल इंजिन बंद करतो.