पाट्या

निकालाच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी,
मी आणि डार्ला टुओमेला पाट्या काढायला निघालो.
दोनशे चाळीस पाट्या, निळ्यावर पांढरं नाव.
नियम म्हणतो, दहा दिवसांत काढा.
डार्ला म्हणाली, आजच.
पिकअप माझी, पेट्रोल तिचं.

तेवीस वर्षं ती शाळेची बस चालवते.
प्रायमरीचा प्रचारही तिनं तसाच केला.
दारासमोर थांबायची, हॉर्न न वाजवता,
कुणी बाहेर येईपर्यंत.

भाषण कधी जमलं नाही तिला.
वादसभेत प्रेस्कॉट वकिलानं
वॉशिंग्टनला जाऊन करायच्या नऊ गोष्टी
पाढे म्हणावेत तशा म्हटल्या.
हिनं माईक दोन्ही हातांनी धरला, स्टिअरिंग धरतात तसा,
आणि सांगितलं :
आपल्या इस्पितळातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला.
पुढचा नव्वद मैलांवर.
जानेवारीत नव्वद मैल म्हणजे किती, ते मला ठाऊक आहे.
मग खाली बसली.
दीड मिनिट उरलं होतं तिच्या वाट्याचं.
हॉलमध्ये घड्याळ चालू राहिलं, कुणाला काही सुचेना.

हिशेब माझ्याकडे होता,
कारण चर्चचा तीस वर्षं मीच लिहिला.
एकूण जमा एकतीस हजार चारशे सहा डॉलर.
त्यात पेस्टी विकून आलेले अकराशे,
आणि एका पाकिटात सात, सोबत चिठ्ठी :
बाकीचे औषधांत गेले, माफ कर.
तिचा नवरा म्हणायचा, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या,
आणि रात्री गॅरेजात पाट्यांना तारा तोच जोडायचा.
राजकारणात सगळे नुसत्या पाट्या टाकतात म्हणे.
आम्ही टाकल्या त्या हातोडीनं,
मेमधल्या अर्धवट गोठलेल्या जमिनीत.

पहिल्या घरी म्हातारीनं पाटी पुसून, वाळवून दिली.
दुसरीकडची कुत्र्यानं खाल्लेली.
एकानं विचारलं, तारा ठेवून घेऊ का, टोमॅटोंना होतील.
डास चावत होते. सरोवराकडून वारा नव्हता.

लेनर्ड हुकारी कुंपणाशी आला.
त्याच्या अंगणात सगळ्यात मोठी पाटी, तीन महिने.
म्हणाला, डार्ला, मी काल गेलोच नाही मत द्यायला.
गवत कापायचं होतं, आभाळ भरून आलेलं,
आणि वाटलं, इथं तर तू येतेसच.
आमच्या स्वतःच्या गावात आम्ही नऊ मतांनी हरलो होतो.
मी पिकअपच्या चाकाकडे बघत राहिलो.
डार्लानं तार उपटली, माती झटकली. म्हणाली,
तुझी नात तिसरीत गेली ना?
तिला या वर्षी पुढच्या सीटवर बसवते.
वळणावर मळमळतं तिला.

आदल्या रात्री साडेदहाला तिनं प्रेस्कॉटला फोन लावला होता,
अभिनंदन करायला.
उचलणाऱ्या पोरानं नाव पुन्हा विचारलं.
तिनं एकेक अक्षर सांगितलं.
त्यानं ते पुन्हा चुकीचं म्हटलं.
तिनं पुन्हा सांगितलं.

संध्याकाळी मोजल्या. दोनशे चाळीस.
कुत्र्यानं खाल्लेलीसुद्धा धरली.
हिशेब जुळला, तीस वर्षांत पहिल्यांदा एका झटक्यात.
परतताना लाकडी पुलापाशी आणखी एक दिसली.
खोक्याचा पुठ्ठा, जांभळा रंग, वाहून गेलेला,
आणि टुओमेलातला एक स्वर गायब.
आसपास घर नाही. कुणी लावली, देव जाणे.
मी गाडी थांबवली, दार उघडलं.
राहू दे, ती म्हणाली.
ती आपली नाही.
आपण लावली नाही, आपण काढायची नाही.

इंजिन चालू होतं.
ती जरा वेळ त्या चुकलेल्या नावाकडे पाहत राहिली,
मग घड्याळाकडे.
चल, सोमवारी बसची तपासणी आहे,
मागचा एक दिवा लागत नाही.