चार तास चाळीस मिनिटं

वाकोल्याच्या नाक्यावर फैजानचं तिकिटांचं दुकान.
विचारलं, लिस्बनहून हेलसिंकीला किती वेळ?
त्याने मान वर न करता सांगितलं,
"चार तास चाळीस. तेहेतीसशे साठ किलोमीटर.
थेट विमान रोज नसतं, काका. कोण जातंय?"
म्हटलं, कुणीच नाही.

सत्तावीस वर्षं सामान चढवलं सांताक्रूझला.
जगातली गावं मला बॅगांच्या पट्ट्यांवरून माहीत,
तीन तीन अक्षरांची.
विमानाच्या पोटात मी हजारदा शिरलो,
गुडघ्यांवर, वाकून.
उडालो एकदाही नाही.

हेलसिंकीची अक्षरं जोडून वाचली की हेल.
हेल म्हणजे विभावरीच्या बोलण्यातला,
आईकडून आलेला, मालवणी,
शेवटचा शब्द दारापर्यंत सोडायला जाणारा.
ती तिथे बर्फात म्हाताऱ्यांना आंघोळ घालते.
आणि उन्मेष लिस्बनला, हॉटेलात मासे साफ करतो.
इथे होता तेव्हा बांगड्याला हात लावत नव्हता.

"जाताना घड्याळातले दोन तास जातात," फैजान म्हणाला,
"येताना परत मिळतात."
सहा वर्षांचं काय, ते त्याला विचारलं नाही.

शालिनीच्या पाटल्यांची जोडी होती.
तेराव्याच्या रात्री मी न्याय केला,
एक त्याला, एक तिला.
सोनाराकडून तोलून आणल्या होत्या,
गुंजभरही इकडेतिकडे नाही.
तो म्हणाला, मागितली असती तर दिली असती.
ती म्हणाली, मागायला का लावलंस?
मी मधे उभा. हातात रिकामी डबी.

एक पाटली कोण घालतं?

शेजारच्या पोराचा पृथ्वीचा गोळा आणून मोजलं.
तीन बोटं.
स्वर्ग दोनच बोटं उरतो म्हणतात,
हे त्याहून एक बोट जास्त.

चुकलेल्या बॅगेला आम्ही 'रश'चा टॅग लावायचो.
म्हणजे मिळेल त्या विमानाने पुढे पाठवा,
कुणाची चूक, ते नंतर बघू.
एकदा नवजात बाळाचे कपडे असेच चार दिवस फिरले.
पोचले मात्र.

रात्री दोघांनाही एकच मेसेज टाकला,
वेगवेगळा:
चार तास चाळीस मिनिटं.
पुढे काय लिहायचं ते सुचेना, तसाच गेला.

आधी उन्मेष. "कशाचे, बाबा?"
मिनिटही झालं नसेल,
विभा. "कशाचे, बाबा?"

तेवढ्यात छपरावरून एक उतरणारं गेलं,
पत्रा, फडताळ, चष्म्याची काडी, सगळं थरथरलं.
अंगठा अक्षरांवर धरून
मी आवाज जायची वाट बघत बसलो.